नाशिक परिसरातील परसबाग : वाफा, बियाणे आणि हंगाम यांचा विचार

सारांश

शहरी व निमशहरी कुटुंबांमध्ये घरच्या घरी भाजीपाला पिकविण्याची ओढ वाढत आहे. तथापि उत्साहाने सुरू झालेली परसबाग पहिल्या पावसाळ्यानंतर अथवा पहिल्या उन्हाळ्यात ओस पडते, असा अनुभव वारंवार येतो. प्रस्तुत लेखात नाशिक परिसराची माती, पर्जन्यमान व तापमान लक्षात घेऊन परसबागेची उभारणी कशी करावी, याचे विवेचन केले आहे. गादीवाफ्याची रचना, बियाण्याची निवड, तीन हंगामांचे वेळापत्रक, टप्प्याटप्प्याने पेरणी, उत्पादनाचा वास्तव हिशेब आणि घरचे बियाणे राखण्याची पद्धत हे या लेखाचे प्रमुख घटक आहेत. परसबाग टिकते ती एकदाच केलेल्या खर्चावर नव्हे. पाण्याचा निचरा, पेरणीची वेळ आणि बियाण्याचे सातत्य या तीन गोष्टींवर ती टिकते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : परसबाग, गादीवाफा, वाफसा, सरळ वाण, संकरित वाण, उगवणशक्ती, बीजसंवर्धन.

१. प्रस्तावना

मुघल अंमलात नाशिक शहर 'गुलशनाबाद' या नावाने ओळखले जात असे. बागांचे शहर ही ओळख आजही पुसलेली नाही. मात्र बागेचे स्वरूप बदलले आहे. नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. लासलगावची बाजारपेठ कांद्यासाठी आणि पिंपळगाव बसवंतची बाजारपेठ टोमॅटोसाठी राज्याबाहेरही परिचित आहे. ज्या जिल्ह्यातून भाजीपाला दूरदूरच्या शहरांना जातो, त्याच जिल्ह्यातील शहरी कुटुंब मात्र कोथिंबिरीच्या काडीसाठीही बाजारावर अवलंबून असते, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

पूर्वीच्या वाड्यांना परसदार असे. मोरीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ पोसली जाई. कुंपणावर वालाचा अथवा दोडक्याचा वेल चढे. विहिरीजवळ कढीपत्ता आणि शेवगा असे. ही परसबाग वेगळा खर्च अथवा वेगळे पाणी मागत नसे. घराच्या दिनक्रमाचाच ती भाग होती. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, परसदार नाहीसे झाले आणि त्याबरोबर पेरणीच्या वेळेचे व बियाणे राखण्याचे घरगुती ज्ञानही क्षीण झाले. २०२० साली 'उमेद' अर्थात महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम हाती घेतली. परसबागेचा संबंध केवळ हौसेशी नसून कुटुंबाच्या पोषणाशी आहे, ही जाणीव या मोहिमेमुळे पुन्हा अधोरेखित झाली.

या पार्श्वभूमीवर नाशिकमध्ये नव्याने परसबाग सुरू करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने कोणत्या क्रमाने विचार करावा, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

२. हवामान, ऊन आणि माती

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले आहे. शहराचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे ७०० मि.मी. असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पश्चिमेकडील इगतपुरी परिसरात हेच प्रमाण ३००० मि.मी.च्या पुढे जाते, तर पूर्वेकडील सिन्नर, येवला हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. एकाच जिल्ह्यात इतका फरक असल्याने 'नाशिकसाठी' म्हणून दिलेला सल्लाही आपल्या गावाच्या पावसाशी ताडून पाहावा लागतो. हिवाळा येथे चांगलाच थंड असतो. निफाड परिसरात थंडीच्या लाटेत पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याची उदाहरणे आहेत. एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांच्या घरात पोहोचते. थोडक्यात, येथे तीन स्पष्ट हंगाम आहेत आणि प्रत्येक हंगामाच्या भाज्या वेगळ्या आहेत.

जागेची निवड करताना उन्हाचा विचार प्रथम करावा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, वेलवर्गीय भाज्या यांसारख्या फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन आवश्यक असते. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे चार तासांच्या उन्हातही भागते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेकडील जागा त्या काळात सावलीत जाते. जून महिन्यात उन्हाने भरलेली जागा डिसेंबरमध्येही तशीच असेल, असे गृहीत धरू नये. मांडव अथवा उंच वेल वाफ्याच्या उत्तर बाजूस ठेवावा, म्हणजे त्याची सावली इतर पिकांवर पडत नाही.

नाशिक परिसरातील माती प्रामुख्याने बेसाल्ट खडकापासून तयार झालेली काळी माती होय. ती अन्नद्रव्यांच्या दृष्टीने कसदार असते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व वाळल्यावर आकसतात. कोरडवाहू शेतीला वरदान ठरणारा हा गुण परसबागेत मात्र अडचणीचा ठरू शकतो. जुलैच्या संततधारेत सपाट जागेवर पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोपे पिवळी पडून मरतात. नवख्या व्यक्तीस हा रोग वाटतो. प्रत्यक्षात तो निचऱ्याचा अभाव असतो.

याच संदर्भात 'वाफसा' ही संकल्पना महत्त्वाची आहे. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, हवा आणि पाणी यांचा समतोल आहे, अशी स्थिती म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा आणि तो हलकेच ठोकला असता फुटावा, ही वाफशाची सोपी खूण आहे. गोळा फुटला नाही तर माती अजून ओली आहे. गोळा बनलाच नाही तर ती कोरडी आहे. काळी माती ओली असताना खोदल्यास तिची ढेकळे होतात व ती वाळून दगडासारखी कठीण बनतात. म्हणून खोदणे, खुरपणे व पेरणे ही तिन्ही कामे वाफशावरच करावीत.

३. गादीवाफ्याची रचना

वाफ्यांचे तीन प्रकार परिचित आहेत : सपाट वाफा, सरी-वरंबा आणि गादीवाफा. निचरा उत्तम असलेल्या जमिनीत, विशेषतः हिवाळी पालेभाज्यांसाठी, सपाट वाफा चालतो. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या ओळींसाठी सरी-वरंबा सोयीचा असतो. परंतु काळी माती आणि पावसाळी सुरुवात या दोन्हींचा विचार करता नाशिकच्या परसबागेस गादीवाफा सर्वांत अनुकूल ठरतो. शेतकरी तो रोपवाटिकेसाठी वापरतात. परसबागेत तोच कायमस्वरूपी वापरावा.

गादीवाफ्याची रुंदी १ ते १.२ मीटर ठेवावी. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, हे या मापामागील कारण आहे. वाफ्यात पाय पडला की माती दबते आणि गादीवाफ्याचा मूळ हेतूच नष्ट होतो. लांबी जागेप्रमाणे ठेवावी, २.५ मीटर लांबी घरगुती वापरास पुरेशी आहे. उंची १५ ते २० से.मी. असावी. दोन वाफ्यांमध्ये सुमारे ४५ से.मी.ची वाट सोडावी. या वाटेतील वरची माती उचलून वाफ्यावर टाकली की वाट खोल होते, वाफा उंच होतो आणि पावसाचे पाणी वाटेने वाहून जाते. कडेला विटा, फरशीचे तुकडे अथवा बांबू लावल्यास माती ढासळत नाही; मात्र ते अनिवार्य नाही.

वाफा तयार करण्याचे काम एप्रिल-मेमध्येच सुरू करावे. प्रथम जागा २५ ते ३० से.मी. खोल खोदून लव्हाळा व हरळी यांच्या गाठी आणि मुळ्या वेचून काढाव्यात. एवढे एक काम टाळले तर पुढील कित्येक वर्षे खुरपणीत जातात. त्यानंतर जमीन उन्हात तापू द्यावी. जमीन ओलावून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरल्यास उष्णतेने तणांचे बी व काही रोगकारक बुरशी नष्ट होतात. मे अखेरीस चांगले कुजलेले शेणखत अथवा घरचे कंपोस्ट मिसळावे. भाजीपाल्याच्या शेतीत हेक्टरी २० ते २५ टन शेणखताची शिफारस केली जाते. म्हणजेच दर चौरस मीटरला २ ते २.५ किलो. तीन चौरस मीटरच्या वाफ्यास हे प्रमाण सुमारे ७ किलो होते. नव्या वाफ्यास याच्या दुप्पट खत दिल्यास काळी माती लवकर भुसभुशीत होते. शेणखत कच्चे असू नये. कच्च्या खताबरोबर हुमणीची अळी वाफ्यात येण्याचा धोका असतो.

घरातील ओला कचरा हा खताचा सर्वांत जवळचा स्रोत होय. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन घातले. वेगळा केलेला ओला कचरा घंटागाडीत देण्याऐवजी कोरड्या पाल्याच्या थरांबरोबर कुजविल्यास परसबागेच्या खताची मोठी गरज घरातच भागते.

ज्यांना जमीन उपलब्ध नाही त्यांच्यासाठी गच्ची हा पर्याय आहे. परंतु येथे एक इशारा आवश्यक आहे. ओल्या मातीचे वजन दर घनमीटरला साधारणपणे १६०० किलोपेक्षा अधिक असते. ३० से.मी. खोलीचा मातीने भरलेला वाफा ओला झाल्यावर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार देतो. भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार वावराच्या सपाट गच्चीसाठी धरला जाणारा चल भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो इतकाच असतो. म्हणून जमिनीवरील वाफा जसाच्या तसा गच्चीवर रचणे धोक्याचे आहे. गच्चीवर पालापाचोळा, उसाचे चिपाड, नारळाचा काथ्याभुसा आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण कमी खोलीत वापरावे, भार तुळयांच्या व भिंतींच्या जवळ ठेवावा, पाण्याचा निचरा मोकळा ठेवावा आणि त्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

मातीशिवाय अथवा अत्यल्प मातीत बाग फुलविण्याच्या या विचाराला महाराष्ट्रात भक्कम परंपरा आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या चळवळीतून लहान जागेतील शेतीचा शास्त्रीय विचार मांडला. सूर्यप्रकाश, पानांचा विस्तार आणि जैविक पदार्थांचे चक्र यांचा हिशेब सामान्य माणसाला स्वतः करता आला पाहिजे, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. मुंबईत तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर उभी केलेली बाग हे याच विचारधारेचे शहरी उदाहरण होय.

४. बियाण्याची निवड

बाजारात मिळणारे भाजीपाल्याचे बियाणे ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. पहिले सरळ वाणांचे. यात पारंपरिक गावरान वाणांबरोबर कृषी विद्यापीठांनी व संशोधन संस्थांनी निवड पद्धतीने अथवा संकरानंतर स्थिर केलेले सुधारित वाणही येतात. या वाणांचे बी राखून पुन्हा पेरल्यास, परपरागीभवन टाळले असता, पुढील पिढी मूळ वाणासारखीच निघते. दुसरे संकरित वाणांचे. दोन भिन्न शुद्ध वंशांच्या संकरातून मिळालेली पहिली पिढी जोमदार व एकसारखी असते. परंतु तिचे बी पेरल्यास पुढील पिढीत गुणधर्मांचे विभाजन होते आणि रोपे एकमेकांपासून भिन्न निघतात. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते.

संकरित बियाणे निकृष्ट असते, असा याचा अर्थ नव्हे. व्यापारी शेतीत एकाच वेळी एकसारखा माल हवा असतो. तेथे त्याचे स्थान आहे. परसबागेची गरज मात्र नेमकी उलट आहे. येथे फळे एकाच आठवड्यात न येता थोडी थोडी, दीर्घकाळ यावीत, हे सोयीचे असते. शिवाय बियाणे घरी राखता यावे, हा परसबागेचा मोठा लाभ आहे. यास्तव परसबागेत सरळ वाणांना प्राधान्य द्यावे.

महाराष्ट्राच्या हवामानासाठी निवडलेले अनेक सरळ वाण उपलब्ध आहेत. भेंडीत केवडा रोगास सहनशील असलेली 'परभणी क्रांती', दुधी भोपळ्यात 'सम्राट', काकडीत 'हिमांगी' ही नावे परिचित आहेत. कांद्याच्या बाबतीत तर नाशिक जिल्हा स्वतःच वाणांची जन्मभूमी आहे. खरीप हंगामाचा 'बसवंत ७८०' हा वाण पिंपळगाव बसवंत येथील आहे, तर रब्बी हंगामासाठी 'एन २-४-१' हा वाण प्रचलित आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषि विज्ञान केंद्र यांच्याकडे बियाण्याबाबत मार्गदर्शन मिळू शकते.

बियाण्याचे पाकीट घेताना त्यावरील मजकूर वाचण्याची सवय लावावी. वाणाचे नाव, उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वापराची अंतिम मुदत या चार बाबी पाहाव्यात. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळ्या रंगाची खूणचिठ्ठी असते. भेंडीच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती ६५ टक्के, टोमॅटो व वांग्याची ७० टक्के, तर मिरचीची ६० टक्के मानली जाते. म्हणजेच चांगल्या बियाण्यातही काही दाणे उगवणार नाहीत, हे गृहीत धरूनच पेरणी करावी.

उगवणशक्तीची चाचणी घरी सहज करता येते. वीस दाणे ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवावेत, कापड वाळू देऊ नये आणि आठवड्याने मोड आलेले दाणे मोजावेत. चौदा दाण्यांना मोड आले तर उगवणशक्ती ७० टक्के. दहापेक्षा कमी दाणे उगवल्यास ते बी दाट पेरावे अथवा बदलावे. कांद्याचे बी साधारणपणे वर्षभरात निकामी होते. टोमॅटो, वांगी यांचे बी नीट राखल्यास तीन-चार वर्षे टिकते. स्वयंपाकघरातील मेथीदाणे, धने, मोहरी आणि लसणाच्या पाकळ्या हेही उत्तम बियाणे ठरू शकते. वरील चाचणीनंतर ते निःशंकपणे पेरावे.

५. तीन हंगामांचे वेळापत्रक

परसबाग फसण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे हंगाम न पाहता केलेली पेरणी होय. एप्रिलमध्ये पेरलेला पालक व कोथिंबीर वाढते न वाढते तोच फुलोऱ्यावर येते, कारण वाढते तापमान व लांबणारा दिवस त्यांना बी धरण्याचा संकेत देतात. उलट डिसेंबरच्या थंडीत पेरलेली भेंडी जमिनीतच कुजते, कारण तिच्या उगवणीस उबदार माती लागते. बियाणे दोन्हीकडे निर्दोष असते. चूक वेळेची असते.

खरीप (जूनचा उत्तरार्ध ते जुलै) : भेंडी, गवार, चवळी, वाल, दोडका, दुधी, कारले, काकडी, लाल भोपळा, अंबाडी आणि माठ यांचे बी थेट पेरावे. वांगी व मिरची यांची रोपे मे अखेरीस अथवा जूनमध्ये तयार करून जुलैमध्ये लावावीत.

रब्बी (सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर) : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, वाटाणा, लसूण आणि पातीचा कांदा. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांची रोपे सप्टेंबरमध्ये टाकून ऑक्टोबरमध्ये लावावीत. नाशिकच्या थंडीमुळे हा हंगाम परसबागेसाठी सर्वांत फलदायी ठरतो. नवशिक्याने शक्यतो येथूनच आरंभ करावा. पाऊस ओसरलेला असतो, तणांचा जोर कमी असतो आणि पालेभाज्या महिनाभरात हाती येतात.

उन्हाळी (जानेवारी अखेर ते मार्चचा आरंभ) : गवार, भेंडी, चवळी, काकडी, दुधी आणि माठ. मार्चनंतर केलेली पेरणी कडक उन्हात सापडते. कोथिंबीर हवीच असल्यास मांडवाखालील सावलीत थोडी पेरावी.

पीकबदलाचे तत्त्वही पाळावे. टोमॅटो, वांगी व मिरची ही एकाच कुळातील पिके आहेत. त्यांच्यामागून त्यांनाच त्याच वाफ्यात लावल्यास मर रोग व सूत्रकृमी बळावतात. त्यांच्यानंतर वाल, चवळी, गवार यांसारखी शेंगवर्गीय पिके घ्यावीत. या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात.

६. पेरणीची पद्धत

बियाणे किती खोल पेरावे याचा सर्वसाधारण नियम असा की, दाण्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट माती त्यावर असावी. वाल, भेंडी, दुधी यांचे मोठे बी टोकून लावावे. मेथी, पालक, मुळा यांचे बी १५ ते २० से.मी. अंतरावरील ओळींत पेरावे. वाफ्यात बी फोकून पेरण्याची रीत प्रचलित असली तरी ओळींमुळे तण ओळखणे व खुरपणी करणे सुलभ होते. धने हे प्रत्यक्षात दोन बियांचे जोडफळ असते. ते हलक्या हाताने रगडून दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवून पेरावेत. कारल्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने त्या चोवीस तास भिजवाव्यात. पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी चोळल्यास रोपांची मर कमी होते.

मेथीस हेक्टरी २५ ते ३० किलो बियाणे लागते. म्हणजेच दर चौरस मीटरला सुमारे ३ ग्रॅम. चहाचा एक चमचा मेथीदाणा एका चौरस मीटरला पुरतो. तथापि नवशिक्याच्या हातून बहुधा याच्या कितीतरी पट बी पडते आणि दाटीतील रोपे पिवळी व लांबुडकी होतात. अशा वेळी विरळणी निःसंकोचपणे करावी; उपटलेली कोवळी रोपे स्वयंपाकात वापरता येतात.

पेरणीतील सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे संपूर्ण वाफा एका दिवशी पेरू नये. तीन चौरस मीटरच्या वाफ्याचे तीन भाग करावेत आणि दर दहा दिवसांनी एक भाग पेरावा. मेथी व पालक साधारणपणे ३० ते ३५ दिवसांत काढणीस येतात. त्यामुळे पहिला भाग रिकामा होईतो तिसरा वाढीस लागलेला असतो. याउलट एकाच दिवशी पेरलेला वाफा एकाच आठवड्यात तयार होतो, चार दिवस घरात मेथीच मेथी होते, उरलेली जून होते आणि पुढे महिनाभर वाफा मोकळा राहतो. उत्साह मावळण्याचा क्षण बहुधा हाच असतो.

७. पाणी, आच्छादन आणि पीकसंरक्षण

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मि.मी. पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात पिकास दररोज सुमारे ३ ते ४ मि.मी. पाणी लागते, तर मे महिन्यात ही गरज ६ ते ८ मि.मी.पर्यंत जाते. म्हणजे तीन चौरस मीटरच्या वाफ्यास हिवाळ्यात रोज ९ ते १२ लिटर, तर भर उन्हाळ्यात १८ ते २४ लिटर पाणी लागेल. काळ्या जमिनीत हिवाळ्यात दोन-तीन दिवसांचे पाणी एकदम दिले तरी चालते. शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः गंगापूर धरणावर अवलंबून आहे आणि उन्हाळ्यात पाणीकपातीची वेळ येऊ शकते, हे लक्षात घेता उन्हाळ्यात एकच वाफा चालू ठेवून इतर वाफे पाल्याने झाकून विश्रांतीस ठेवणे शहाणपणाचे ठरते. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी वाफ्यास देता येते. साबणाचे पाणी मात्र टाळावे.

वाळलेला पाला, उसाचे पाचट अथवा गवत यांचे ५ ते ७ से.मी. जाडीचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन घटते, तण दबते आणि काळ्या मातीस भेगा पडत नाहीत. आच्छादन रोपांच्या बुंध्यास टेकू देऊ नये.

घरी खाण्याच्या भाजीवर विषारी औषधे फवारावी लागली तर परसबागेचे प्रयोजनच उरत नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर द्रावण करावे व सायंकाळी फवारावे. पिवळे चिकट सापळे लावावेत. काकडी व कारल्यातील फळमाशीसाठी किडकी फळे त्वरित गोळा करून नष्ट करणे हाच मूलभूत उपाय होय.

८. उत्पादनाचा वास्तव हिशेब

परसबागेविषयीचे दावे अनेकदा अतिशयोक्त असतात. म्हणून एका वाफ्याचे गणित मांडून पाहणे योग्य ठरेल. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. त्यातील चौथा हिस्सा पालेभाजीचा धरला तर चार जणांच्या कुटुंबास रोज ४०० ग्रॅम, म्हणजे दहा दिवसांस ४ किलो पालेभाजी लागेल. मेथी अथवा पालकाचे उत्पादन ढोबळमानाने दर चौरस मीटरला पाऊण ते एक किलो येते. वर सांगितल्याप्रमाणे तीन भागांत पेरलेला वाफा दर दहा दिवसांनी एक चौरस मीटरची काढणी देईल. म्हणजेच एक वाफा कुटुंबाच्या पालेभाजीची फार तर चौथाई गरज भागवील. संपूर्ण गरजेसाठी असे चार वाफे, म्हणजे १२ चौरस मीटर लागवड आणि वाटा धरून सुमारे २० चौरस मीटर जागा लागेल. कांदा-बटाट्यांसह सर्वच भाजी घरी पिकविणे सामान्य शहरी घरास शक्य नाही.

या हिशेबाने निराश होण्याचे कारण नाही. यातून निवडीची दिशा मिळते. बाजारात स्वस्त, टिकाऊ व मुबलक मिळणारा कांदा लहान वाफ्यात घेण्यात अर्थ नाही. उलट काढल्यापासून काही तासांतच कोमेजणारी कोथिंबीर, मेथी, पालक. रोज थोडीच लागणारी मिरची. आणि एका वेलावर अनेक आठवडे फळे देणारे दुधी, दोडका, वाल यांना परसबागेत अग्रक्रम द्यावा. वेल उभ्या दिशेने वाढत असल्याने जागाही कमी व्यापतात.

९. घरचे बियाणे : परसबागेचे सातत्य

परसबागेचे वर्ष पूर्ण होते ते भाजी संपल्यावर नव्हे, तर पुढील वर्षाचे बी बरणीत पडल्यावर. टोमॅटो, वाल, वाटाणा व मेथी ही मुख्यतः स्वपरागित पिके आहेत. त्यांच्यापासून आरंभ करावा. दुधी, दोडका, काकडी, मुळा, पालक ही परपरागित पिके असून जवळपास दुसरा वाण फुलत असल्यास बी भेसळीचे होते. भेंडी, वांगी व मिरची यांत काही प्रमाणात परपरागीभवन होते. म्हणून एका हंगामात त्यांचा एकच वाण लावावा.

बियाण्यासाठी सर्वांत निरोगी झाड आधीच हेरून त्यास दोरा बांधावा. चांगली फळे खाऊन उरलेल्यांचे बी धरण्याची सवय वाणाचा ऱ्हास करते. टोमॅटोचा गर पाण्यात दोन दिवस आंबवून बी धुऊन सावलीत वाळवावे. शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. बियांचे आयुष्य ओलावा व तापमान यांवर ठरते. ओलावा एक टक्क्याने घटला की बियांचे आयुष्य साधारणपणे दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील प्रसिद्ध ठोकताळा आहे. राखेत बी ठेवण्याची अथवा चुलीवरच्या आढ्याला कणसे टांगण्याची आजीची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली होती. आज हवाबंद काचेची बरणी, तीवर पिकाचे नाव व वर्ष लिहिलेली चिठ्ठी आणि थंड, अंधारी जागा एवढे पुरे.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे. कळसूबाईच्या डोंगररांगेपलीकडे, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी औपचारिक शिक्षण नसताना भाज्यांच्या व धान्यांच्या गावरान वाणांचे बी जमविले, परसबागेत पेरून वाढविले आणि परिसरातील महिलांना वाटले. 'बायफ' संस्थेच्या सहकार्याने त्यांच्या घरी बीजबँक उभी राहिली. 'बीजमाता' म्हणून त्या ओळखल्या जातात आणि २०२० साली त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांच्या कार्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बीजबँकेतील बी कुलपात जपून टिकत नाही. ते दरवर्षी कोणाच्या तरी वाफ्यात उगवावे लागते. परसबाग ही वाणांच्या संवर्धनाची सर्वांत लहान, पण सर्वांत विखुरलेली आणि म्हणून सुरक्षित जागा आहे.

कायद्यानेही या परंपरेस मान्यता दिली आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे व्यापारी नाममुद्रेसह विकण्यास मात्र या कलमाने मनाई आहे.

१०. समारोप

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे स्पष्ट होतात. एक, नाशिकच्या काळ्या मातीत परसबागेची सुरुवात निचऱ्याच्या सोयीने, म्हणजे गादीवाफ्याने करावी आणि मातीची कामे वाफशावरच करावीत. दोन, बियाण्याचा दर्जा पेरणीपूर्वी तपासावा व परसबागेत सरळ वाणांना प्राधान्य द्यावे. तीन, पेरणी हंगामाप्रमाणे व टप्प्याटप्प्याने करावी. चार, उत्पादनाची अपेक्षा वास्तव ठेवून पिकांची निवड करावी. पाच, दरवर्षी किमान एका भाजीचे बी घरी राखावे.

एका वाफ्याने कुटुंबाची सर्व भाजी पिकणार नाही. परंतु त्या वाफ्यात वाढलेल्या मुलाला मेथी किती दिवसांत येते, वाफसा कशास म्हणतात आणि दुधीचे बी कधी काढावे, हे पाहून कळेल. भाजी पिकविणाऱ्या जिल्ह्यातील शहरी पिढीपासून हे ज्ञान दुरावत चालले आहे. ते परत मिळविण्यासाठी तीन चौरस मीटर जागा, दोन घमेली कुजलेले खत आणि सप्टेंबर अखेरीस पेरलेला एक चमचा मेथीदाणा एवढी सुरुवात पुरेशी आहे.